रेड पास विकत घेण्याआधी टीम बघा: पोकेमॉन गोमध्ये खरे काउंटर कोणते?

पोकेमॉन गोचा मालक बदलला, हे आता जुनं झालं. मार्च २०२५ मध्ये नायँटिक कंपनीने आपला गेमिंगचा धंदा ३.५ अब्ज डॉलरला स्कोपलीला विकायचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात व्यवहार पूर्णही झाला. स्कोपली म्हणजे ‘मोनोपॉली गो’वाली कंपनी. तिची मालक आहे सौदी अरेबियाचा सॅव्ही गेम्स ग्रुप, ज्याने २०२३ मध्ये ४.९ अब्ज डॉलर मोजून स्कोपली घेतली होती. एवढा पैसा ओतणारा माणूस तो वसूलही करणार, हे सांगायला कुणी अर्थतज्ज्ञ नको. त्यामुळे ‘आता पास महागणार का, जाहिराती येणार का’ ही चर्चा तेव्हापासून चालूच आहे.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. मालक कुणीही असो, पासची किंमत आपल्या हातात नाही. पण एक पास किती कामाला येतो, हे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. आणि ते ठरतं तुम्ही बॉससमोर कोणते सहा पोकेमॉन उभे करता यावर. यालाच आपण काउंटर म्हणतो: समोरच्या बॉसच्या दुबळ्या बाजूवर नेमका घाव घालणारा पोकेमॉन.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा का?

टोकियो किंवा न्यूयॉर्कच्या मोठ्या पार्कात रेड सुरू झाली की पंधरा-वीस जण आपोआप जमतात. तिथे तुम्ही टीममध्ये काहीही टाकलं तरी बॉस पडतो. आपल्याकडे गेम अधिकृतपणे आला डिसेंबर २०१६ मध्ये, जिओसोबतच्या भागीदारीतून. मुंबई-पुण्यात अजून ग्रुप टिकून आहेत. पण तालुक्याच्या गावात जिम दोन, नियमित खेळणारे तीन, आणि त्यातल्या एकाची परीक्षा चालू, ही परिस्थिती तुमच्यापैकी अनेकांची असेल.

मग उरतो रिमोट रेड पास. हा पास एप्रिल २०२० मध्ये, लोक घरात अडकलेले असताना आला आणि छोट्या गावातल्या खेळाडूंना लॉटरी लागल्यासारखं झालं. एप्रिल २०२३ मध्ये एका पासची किंमत १०० कॉइनवरून थेट १९५ झाली आणि दिवसाला पाच रिमोट रेडची मर्यादाही आली. जगभर खेळाडू चिडले, पण भाव खाली आला नाही. जिममध्ये पोकेमॉन बसवून दिवसाला जास्तीत जास्त ५० कॉइन मिळतात. म्हणजे एका रिमोट पाससाठी चार दिवस रोज पूर्ण कमाई करायची. ती जमली नाही तर खिशात हात घालायचा.

याउलट जिमची डिस्क फिरवली की रोज एक साधा पास फुकट मिळतो. तुम्ही दोघं-तिघं मिळून त्या फुकट पासवर पाच स्टारचा बॉस पाडू शकलात, तर निम्मा खर्च तिथेच वाचला. म्हणून काउंटरचा अभ्यास हा फक्त ‘प्रो’ लोकांचा छंद नाही. ज्यांच्याकडे माणसं कमी आणि पैसे कमी, त्यांच्यासाठी तो सगळ्यात जास्त कामाचा आहे.

आधी हिशेब: दर सेकंदाला किती मार बसला पाहिजे?

पाच स्टार बॉसचा एचपी असतो १५,०००. वेळ ३०० सेकंद. भागाकार केला की उत्तर येतं ५०. म्हणजे सगळ्यांनी मिळून सेकंदाला सरासरी ५० डॅमेज द्यायला हवं. दहा जण असाल तर प्रत्येकाच्या वाट्याला ५ येतात, झोपेतही होईल. तिघं असाल तर साधारण १७. दोघं असाल तर २५, आणि त्यातही टीम संपून पुन्हा लॉबीत जायला लागणारा वेळ वाया जातो.

तीन स्टार बॉसचा एचपी ३,६०० आणि वेळ १८० सेकंद, म्हणजे सेकंदाला २०. चांगली टीम असेल तर यातले बरेच एकट्याने होतात. मेगा रेडला ९,००० एचपी आणि ३०० सेकंद, म्हणजे सेकंदाला ३०.

आता प्रश्न असा की हे १७ किंवा २५ आणायचे कुठून?

सीपी बघून टीम लावू नका

नव्या खेळाडूची सवय असते सीपीच्या उतरत्या क्रमाने पहिले सहा घ्यायची. गेम स्वतः जी टीम सुचवतो, तीही डोळे झाकून मान्य करण्यासारखी नसते. दणकट, बराच वेळ उभे राहणारे पण हळू मारणारे पोकेमॉन त्यात हमखास दिसतात.

सीपी काढताना अटॅक, डिफेन्स आणि एचपी तिन्ही धरले जातात. पण रेडमध्ये घड्याळ चालू असतं. तिथे न मरता उभं राहण्याचे मार्क कमी, वेळेत मारण्याचे जास्त. ब्लिसी घ्या. जिम राखायला तिच्यासारखी दुसरी नाही, पण तिचा मूळ अटॅक फक्त १२९. रेडमध्ये ती पाच मिनिटं शांतपणे उभी राहील आणि बॉसही तसाच उभा राहील.

डॅमेजचं सूत्र सोपं करून सांगतो. मूव्हची निम्मी ताकद, गुणिले तुमचा अटॅक भागिले बॉसचा डिफेन्स, आणि मग त्यावर एकामागून एक गुणक चढतात. सगळी मजा या गुणकांत आहे. समजा एका साध्या मूव्हचं डॅमेज १०० धरलं:

- मूव्ह आणि पोकेमॉनचा टाइप एकच असेल तर १.२ पट. झाले १२०.
- बॉस त्या टाइपला कमजोर असेल तर १.६ पट. झाले १९२.
- हवामान त्या टाइपला साथ देत असेल तर पुन्हा १.२ पट. झाले २३०.
- शेजारी बेस्ट फ्रेंड लढत असेल तर १.१ पट. झाले २५३.
- दुसऱ्या कुणाचा त्याच टाइपचा मेगा मैदानात असेल तर १.३ पट. झाले साधारण ३२९.

म्हणजे पोकेमॉन तोच ठेवून, फक्त बाकीचं जुळवून आणलं तर मार तिपटीच्या वर जातो. बॉस दुहेरी कमजोर असेल तर १.६ च्या जागी २.५६ येतं. रेक्वाझा हा ड्रॅगन आणि फ्लाइंग असा दुहेरी टाइपचा, आणि दोन्ही बाजू आइसला कमजोर. म्हणून साध्या स्वाइनबपासून वाढवलेला मामोस्वाइन त्याच्यासमोर मोठ्या नावाच्या लेजंडरीपेक्षा भारी पडू शकतो.

एक उदाहरण नीट बघू: पावसाळ्यातला ग्राउडन

ग्राउडन हा ग्राउंड टाइप. त्याला वॉटर, ग्रास आणि आइस लागतं. आता आपलं हवामान बघा. गेममध्ये आइसला साथ मिळते बर्फ पडताना, आणि ती महाराष्ट्रात कुठल्याच महिन्यात मिळणार नाही. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस. गेममध्ये पाऊस असेल तर वॉटर, इलेक्ट्रिक आणि बग या तीन टाइपना १.२ पट बळ मिळतं. ग्राउडनला मात्र पावसाचा काहीच फायदा नाही, त्याचं हवामान कडक ऊन. उन्हात ग्राउंड, फायर आणि ग्रास तिन्ही वाढतात आणि ग्राउडनकडच्या जवळजवळ सगळ्या मूव्ह त्यातल्याच आहेत. म्हणजे तोच बॉस, तीच टीम, पण मे महिन्याच्या दुपारी अवघड आणि जुलैच्या संध्याकाळी सोपा.

वॉटरमध्ये कोण? सगळ्यात वर अर्थातच कायोगर, खासकरून त्याचं प्रायमल रूप. नसेल तर रडत बसू नका. मडकिपपासून होणारा स्वॅम्पर्ट, टोटोडाइलपासून होणारा फेरालिगेटर, मॅजिकार्पचा ग्याराडोस, ईव्हीपासून २५ कँडीत होणारा व्हेपोरियन, ब्लास्टॉइज. यांच्यापैकी एकासाठीही पास लागत नाही. स्वॅम्पर्ट, फेरालिगेटर आणि ब्लास्टॉइज यांच्याकडे हायड्रो कॅनन असेल तर उत्तम. ही मूव्ह सहसा कम्युनिटी डेला किंवा डिसेंबरच्या उजळणीवाल्या इव्हेंटला इव्हॉल्व्ह केल्यावर मिळते. त्यामुळे चांगला मडकिप सापडला तर लगेच इव्हॉल्व्ह करू नका, तारखेची वाट बघा. त्यासाठी एलिट टीएम जाळणं मला पटत नाही.

आता दुसरी बाजू. बॉसही मारतो. ग्राउडनकडे सोलर बीम असेल तर तो ग्रासचा हल्ला आहे. वॉटर आणि ग्राउंड असा दुहेरी टाइप असलेल्या स्वॅम्पर्टला तो २.५६ पट लागतो, एका फटक्यात खेळ खलास. ब्लास्टॉइज किंवा व्हेपोरियनला १.६ पट. पण ग्याराडोस वॉटरसोबत फ्लाइंगही आहे, त्यामुळे त्याला सोलर बीम साधाच लागतो. वर ग्राउंडचे हल्ले त्याच्यावर जेमतेम ०.३९ पट बसतात. याउलट ग्राउडनकडे फायरची मूव्ह असेल तर सगळे वॉटरवाले आरामात, आणि ग्रासवाले राख.

मग बॉसकडे कोणती मूव्ह आहे हे कळणार कसं? पहिल्या लढाईत वर नाव येतं, ते वाचा. हरलात तरी रेडची वेळ संपेपर्यंत त्याच पासवर पुन्हा जाता येतं. पहिली फेरी माहिती काढायला, दुसरी जिंकायला. म्हणून दोन टीम आधीच सेव्ह करून ठेवा: एक स्वॅम्पर्टवाली, एक ग्याराडोसवाली.

हीच गोष्ट म्यूटूची. सायकिक म्हटल्यावर लोक डार्क टाइप काढतात आणि टायरानिटार पुढे करतात. म्यूटूकडे फोकस ब्लास्ट निघालं की रॉक आणि डार्क असलेला टायरानिटार २.५६ पटीचा मार खाऊन झोपतो. तिथे फायटिंगला दाद न देणारा घोस्टवाला शँडेल्यूर बरा. पण म्यूटूकडे फोकस ब्लास्ट नसेल, तर तोच टायरानिटार चांगला. काउंटर हा कधीच फक्त बॉसच्या नावावरून ठरत नाही, त्याच्या मूव्हवरूनही ठरतो.

‘टॉप १०’ याद्यांचं काय करायचं?

नवा बॉस आला की काही तासांत काउंटरच्या याद्या सगळीकडे फिरतात. त्या बहुतेक वेळा बरोबर असतात, पण त्यांच्यामागचं गृहीतक वाचलं पाहिजे. यादीतला प्रत्येक पोकेमॉन लेव्हल ४० किंवा ५० चा, सगळ्यात चांगल्या मूव्हचा असं धरलेलं असतं. तुमचा तसा आहे का?

आकडेच बघा. कायोगरचा मूळ अटॅक २७०, ग्याराडोसचा २३७. यादीत कायोगर वर येणारच. पण रेडमधून पकडलेला कायोगर येतो लेव्हल २० ला. दोघांचा अटॅक आयव्ही १० धरला तर लेव्हल २० च्या कायोगरचा प्रत्यक्ष अटॅक येतो साधारण १६७, आणि लेव्हल ३० च्या ग्याराडोसचा साधारण १८१. म्हणजे मोठं नाव टीममध्ये टाकून तुम्ही टीम कमजोर केलीत!

मग सगळ्यांना लेव्हल ४० ला न्यायचं का? इथे स्टारडस्टचा हिशेब कामाला येतो. लेव्हल २० ते ३० ला ७५,००० स्टारडस्ट लागतं आणि ताकद वाढते सुमारे २२ टक्के. लेव्हल ३० ते ४० ला लागतं १,५०,०००, म्हणजे दुप्पट, आणि वाढ होते फक्त ८ टक्के. एकाला ३० वरून ४० ला नेण्याच्या खर्चात दोन पोकेमॉन २० वरून ३० ला जातात. ज्याची टीमच अजून तयार नाही, त्याने ३० ला थांबून पुढच्याकडे वळावं.

आणि आयव्हीचं वेड? शंभर टक्केवाला सापडला की स्क्रीनशॉट टाकायला मजा येते, मान्य. पण स्वॅम्पर्टचा अटॅक आयव्ही १० ऐवजी १५ असला तर फरक पडतो सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. चुकीच्या टाइपचा ‘हंड्रेड’ आणण्यापेक्षा बरोबर टाइपचा साधा आणा.

शॅडो पोकेमॉनबद्दल एक गोष्ट. टीम रॉकेटकडून सोडवलेल्या शॅडोचा हल्ला २० टक्के जास्त असतो, तसाच त्याला मारही जास्त बसतो. रेडच्या घड्याळात हा सौदा फायद्याचा. त्यामुळे चांगल्या अटॅकवाल्या शॅडोला ‘प्युरिफाय’ करायची घाई करू नका. तो दिसायला छान होईल, पण ते २० टक्के परत येणार नाहीत.

दोघं-तिघं असाल तर एवढं जुळवा

एक, कोण मेगा आणणार ते आधी ठरवा. मेगा ब्लास्टॉइज मैदानात असेपर्यंत बाकीच्यांच्या वॉटर मूव्ह ३० टक्के जोरात लागतात. दोघांनी दोन मेगा आणले म्हणून ही वाढ दुप्पट होत नाही. एकाचा संपला की दुसऱ्याने काढायचा.

दोन, पार्टी प्ले वापरा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली ही सोय शेजारी उभ्या असलेल्या दोन ते चार जणांसाठी आहे. फास्ट मूव्ह मारत राहिलं की पार्टी पॉवर भरते आणि पुढची चार्ज्ड मूव्ह दुप्पट लागते. रिमोटवाल्याला हे मिळत नाही. शंभर मैलांवरच्या अनोळखी माणसापेक्षा शेजारचा मित्र इथे जास्त उपयोगाचा आहे.

तीन, मैत्रीची लेव्हल वाढवत राहा. रोज एक गिफ्ट पाठवायला काही लागत नाही, आणि बेस्ट फ्रेंड झाल्यावर दहा टक्के वाढ कायमची.

चार, आपल्याकडे काय आहे ते शोधायला गेममधलाच सर्च वापरा. आधी @ हे चिन्ह आणि त्याला लागून टाइपचं नाव इंग्रजीत टाइप केलं, उदाहरणार्थ वॉटर, की त्या टाइपची मूव्ह असलेले सगळे पोकेमॉन समोर येतात. अनेकदा विसरलेला, आधीच पॉवर-अप केलेला एखादा इथेच सापडतो.

खरा खेळ कुठे चालला आहे?

गेल्या काही वर्षांत गेममध्ये काय काय आलं ते एका रांगेत ठेवून बघा. २०२० मध्ये मेगा. २०२३ मध्ये प्रायमल ग्राउडन, प्रायमल कायोगर आणि शॅडो रेड. २०२४ मध्ये नेक्रोझ्माचं फ्यूजन, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅक्स बॅटल. या मॅक्स बॅटलमध्ये तर तुमचे जुने पोकेमॉन चालतच नाहीत. डायनामॅक्स होणारेच लागतात, म्हणजे पुन्हा शून्यापासून टीम उभी करा. २०२५ च्या फेब्रुवारीत क्युरेमचं फ्यूजन आलं.

यात एक चक्र दिसतं. आजचा बॉस हाच उद्याच्या बॉसचा ‘बेस्ट काउंटर’ असतो. कायोगर हवा कारण ग्राउडन मारायचा आहे, आणि कायोगर मिळवायलाही रेडच करायची. यादीत पहिला नंबर सतत बदलत राहतो आणि प्रत्येक वेळी वाटतं, हा नसला तर आपण मागे पडू. पास विकला जातो तो याच भीतीवर. हे सगळं नव्या मालकाने सुरू केलेलं नाही, आधीपासूनचं आहे. पण साडेतीन अब्ज डॉलर मोजणारा हे चक्र हळू करेल, अशी आशा मी तरी ठेवत नाही.

पण बॉस पाडायला यादीतला पहिला नंबर लागत नाही. पाडायला लागतात सेकंदाला ५० डॅमेज. ते बरोबर टाइप, बरोबर मूव्ह, लेव्हल ३० आणि दोन चांगले मित्र यातूनही येतात, आणि यातली प्रत्येक गोष्ट फुकट मिळते. विकत मिळतो तो पहिल्या आणि सातव्या नंबरातला फरक, जो तिघांच्या लढतीत बहुतेक वेळा काही सेकंदांचा असतो.

म्हणून स्टारडस्टची पहिली गुंतवणूक एका लेजंडरीत नको. वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, आइस, रॉक, फायटिंग, डार्क, घोस्ट अशा टाइपनुसार सहा-सहाच्या तुकड्या हळूहळू तयार करा. बॉस बदलत राहतील, पण त्यांच्या कमजोरी या ठराविक टाइपमध्येच फिरत राहतात. एकदा उभी केलेली वॉटरची तुकडी ग्राउडनला चालते, तशीच पुढच्या फायर किंवा रॉकवाल्या बॉसलाही चालते.

पुढच्या वेळी स्टोअर उघडून कॉइन घेण्याआधी सर्चमध्ये जाऊन ती तुकडी मोजा. सहा भरत नसतील तर पास घेऊनही हाती फार काही लागणार नाही. आणि भरत असतील, तर बहुतेक वेळा रोजचा फुकट पास आणि शेजारचे दोन मित्र पुरतात.